इतर औषधे : नाहीत

चौदावा रकाना : चालू असलेली इतर औषधे, काढे, चूर्णे.
सहाव्या खुर्चीतल्या माणसानं लिहिलं, नाहीत.
अक्षर देखणं,
बेचाळीस वर्षं पुड्यांवर नावं लिहून घोटलेलं.

फान शोउथिअन. बोझोऊच्या औषधबाजारातला तोलारी.
इथं सूझोऊत, आमच्या यादीत, ०१७.
तराजूची दोरी धरणारं बोट
आता ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यात.

मी समजावलं, सगळ्यांना समजावते तसं, पाठ झालेलं :
रक्तात पहारेकरी असतात.
त्यांच्या अंगावर एक कळ असते, दाबली की ते थांबतात,
नाहीतर घरच्यांनाच धरतील.
गाठीला ती कळ सापडली आहे.
दाराशी येते, कळ दाबते, म्हणते, मी घरचीच.
आमचं औषध त्या कळीवर झाकण बसवतं.
पूर्वीच्या औषधांसारखं नाही,
चोर सोडून संन्याशाला फाशी :
केस, जीभ, आतडी.

तो हसला.
'म्हणजे मारत नाही, जागं करता.
आमच्याकडेही हेच म्हणतात, फक्त झाकण नसतं.
पिवळं मूळ असतं, जिभेसारखं तिरपं कापलेलं.'
मग जरा थांबून,
'पण किती जागं करायचं, छोट्या रोंग?
पहारेकरी झोपलाच नाही तर घर कसं झोपेल?'
मी त्याला दुष्परिणामांचं सतरावं पान दाखवलं.
तिथं तेच लिहिलं होतं, जास्त शब्दांत.

पिशवी टांगली.
आत औषध आहे की नुसतं मिठाचं पाणी
मला माहीत नाही, डॉक्टरांना नाही,
चिठ्ठी काढणाऱ्या संगणकाला असेल.
त्यानं नळी नाकाशी नेली.
'वास नाही.
आणि देणाऱ्याला ठाऊक नाही काय दिलं.
असं दुकान आमच्या गल्लीत दोन दिवस चाललं नसतं.'

मी त्याचा रक्तदाब घेत होते,
त्यानं दुसऱ्या हाताची तीन बोटं
माझ्या मनगटावर ठेवली.
'झोप नाही तुला.'
खरं होतं. त्याला रकाना नव्हता.

चौथ्या फेरीला यकृताचे आकडे तिप्पट.
मी पुन्हा विचारलं. पुन्हा.
शेवटी बायकोनं पिशवीतून थर्मास काढला,
निळा, पोचे आलेला.
'औषध नाही हो, सार आहे.
कोंबडी, मुळं, नऊ लाल बोरं.
लग्नापासून करते.'
तो खिडकीबाहेर कालव्याकडे बघत होता,
चोरी पकडलेल्या मुलासारखा नव्हे,
कुलूप लावल्यावर किल्ली आत राहिलेल्या
दुकानदारासारखा.

आता यकृत कुणी दुखवलं?
आमच्या झाकणानं, तिच्या मुळांनी,
की दोघांनी रात्री परस्पर भेटून?
की पिशवीत पाणीच होतं
आणि सारच एवढं तिखट?
प्रयोगशाळेतल्या उंदरांना असं कुणी सार पाजत नाही.
त्यांना लग्नं नसतात.

मी लिहिलं : नियमभंग. तारीख. सही.
हात थरथरला नाही.
त्याचंच नंतर वाईट वाटलं.

तो अभ्यासातून बाहेर पडला, गावी गेला.
पाकीट अजून बंद आहे,
शेवटचा रुग्ण संपेपर्यंत बंदच राहील.
संपेपर्यंत म्हणजे त्याच्या फेऱ्या, असं वाचावं.

मार्चमध्ये टपालानं पुडी आली.
तेच अक्षर. माझं नाव, वजन नऊ ग्रॅम,
आणि खाली : रात्री, जेवणानंतर.
रुग्णांकडून काही घेऊ नये असा नियम आहे.
चौथ्या पानावर, मीच सगळ्यांना वाचून दाखवते.

रविवारी उकळली.
खोलीभर वास, शेजारणीनं दार ठोठावलं.
कडू, मग कडेला किंचित गोड.

झोप लागली की नाही, सांगणार नाही.
एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.