पाऊणकी

आज पंचमी.
पाच पाऊण पावणेचार.
पावणेचारला भरती, त्यात सहा मिळव,
पावणेदहाला कोळंबच्या खाडीतले खडक उघडे.
हे मी अंथरुणातच करते, डोळे मिटून,
चूळ भरायच्या आधी.
सुनेच्या फोनात भरतीचं सगळं कोष्टक आहे,
मिनिटांसकट.
ती वाचायला घेते, मी हात वर करते:
आधी माझं होऊ दे, मग तुझं सांग.
कधी तिचं नि माझं वीस मिनिटांनी चुकतं.
तेवढ्यात कालवं काही पळून जात नाहीत.

मालवणचे डॉक्टर म्हणाले,
डोकं वापरात ठेवा, द्रुपदाबाई.
जसं काही ते माळ्यावर टाकलेलं घमेलं.
गंधालीने लगेच फोनवर खेळ लावून दिला,
रंगीत गोळे, सारखे तीन आले की फुटतात.
"आजये, ह्या तुका बरा."
दोन दिवस फोडले.
एकाही गोळ्याच्या आत काही निघालं नाही.

कालवाचं तसं नसतं.
डाव्या हाताने खडक चाचपायचा,
शिंपीची फट शोधायची, केसाएवढी,
नि कोयतीचं टोक तिथेच, दुसरीकडे नाही.
लक्ष गेलं की बोट गेलं.
म्हणून आम्ही बायका जाताना बोलतो,
येताना तर फारच बोलतो,
खडकावर कोणी कोणाची नसते.

तरी गेलंय लक्ष, नाही कसं.
ही तर्जनीवरची: यांचा ट्रॉलर दोन दिवस उशिरा होता.
अंगठ्यावरची, दिगूचा दहावीचा निकाल.
मधल्या बोटावर दोन, अगदी शेजारी शेजारी:
एक व्यापाऱ्याने वाट्यामागे पाच रुपये तोडले त्याची,
दुसरी, त्याला काय सुनवायचं ते जुळवताना.
करंगळीवरची सगळ्यांत खोल, कारण सगळ्यांत उथळ.
जावेने माझी बालदी न विचारता नेली होती.
रेशनच्या दुकानातलं यंत्र माझा अंगठा ओळखत नाही.
मी ओळखते.

संध्याकाळी पायरीवर बसून
परतणाऱ्या होड्या ओळखायच्या, मान न वळवता.
हा तारींचा, सायलेन्सर फुटका.
हा आडकरांचा, नवा, अजून लाजत बोलतो.
गंधाली धावत जाऊन बघून येते, गुण देते.
आठात सात.
काल पाच.

आज खडकावर उतरले तेव्हा पाणी घोट्याच्या खाली.
विसेक कालवं झाली असतील, कोयती घसरली.
फार नाही. खारं पाणी झोंबलं तेव्हा कळलं.
बोट तोंडात धरलं नि सवयीने विचारलं,
काय होतं गे मनात?

काही आठवेना.
हे नाहीत, दिगू नाही, बालदीसुद्धा नाही.
उघडली तर नुसती शिंपी,
आत चिखलसुद्धा नाही.

तिथेच बसले ओल्यात. म्हटलं, बघू या.
एक पाऊण पाऊण. दोन पाऊण दीड.
तीन पाऊण सव्वादोन, इथवर जीभ एकटीच जाते.
आठ पाऊण सहा.
नऊ पाऊण पावणेसात. दहा पाऊण साडेसात.
अकरा पाऊण
अकरा पाऊण

पलीकडच्या खडकावर रोझीनने हात थांबवला.
बोलली नाही. खडकाचा नियम.
पाणी फिरलं होतं, घोट्याला लागलं,
मग पोटरीला,
तुणतुण्याच्या तारेसारखं काहीतरी कानात वाजत होतं,
आणि मी अकराच्या दारात
किल्ली हरवल्यासारखी उभी.

सव्वाआठ!
इतक्या मोठ्याने ओरडले की बगळा उडाला.
रोझीनला काय कळलं देव जाणे,
तिने मान हलवली, कोयती पुन्हा चालू केली.
मीही आणखी सात काढली, सावकाश,
प्रत्येक फट आधी नखाने बघून.

घरी गंधालीने हात धरला.
"आजये, ही कसली गे?"
अकराची, म्हटलं,
नि हळद मागितली.