झीज, मध्यम

गावाचं नाव कोरोना. रोगाच्या कितीतरी आधीचं.
लिंबांच्या बागा होत्या म्हणे इथे.
आता शेड आहेत, आणि त्यातल्या एका शेडमध्ये
मी, सोकोरो बाराहास,
कोऱ्या गिटारींवर वय चढवते.

मंगळवारी जन्मलेली गिटार
शुक्रवारी संध्याकाळी साठीची होते.
ऑर्डरच्या कागदावर तीन चौकोन:
झीज हलकी, झीज मध्यम, झीज भरपूर.
भरपूर सगळ्यात महाग.
माझ्या गुडघ्यांना हा हिशेब अजून पटलेला नाही.

आधी गारठा, मग गरम हवेचा झोत,
परत गारठा,
की लॅकर तडकतं,
थंड ग्लासात उकळतं पाणी ओतावं तसं,
फक्त सावकाश, आणि आपल्याला हवं तिथे.
स्क्रू बरणीत, ॲसिडच्या वाफेवर, झाकण घट्ट.
रात्रभरात त्यांना समुद्रकाठच्या बारचा गंज चढतो.
पांढरं प्लास्टिक कॉफीत. कॉफी कालची,
ताजी मी कुणावर वाया घालवत नाही.
पाठीवरच्या ओरखड्यांसाठी खिळ्याला एक बकल टांगलंय,
माझ्या पहिल्या नवऱ्याच्या पट्ट्याचं.
त्याचं तेवढंच काय ते कामाला आलं.

चार पावसाळे जास्त पाहिलेत, असं म्हणतात ना माणसं?
इथे पाऊस वर्षाकाठी जेमतेम.
पावसाळे मला हातानेच पाडावे लागतात.

ऑक्टोबरात वेंडेल स्ट्रॉथर आला,
बारस्टोहून, स्वतः गाडी चालवत, वय चौऱ्याहत्तर.
केस उघडली.
आत सहासष्ट सालची गिटार. खरीखुरी सहासष्टची,
आणि इतकी कोरी, की हात पुसल्याशिवाय
मला तिला शिवता येईना.

भावाची, म्हणाला. लायलची.
आठ महिने वाजवली, मग व्हिएतनाम.
आईने पलंगाखाली सरकवली ती सरकवली.
हिला जुनी करा, म्हणाला.
तो परत आला असता तर जितकी झाली असती, तितकी.

कागदावर याचा चौकोन नव्हता.

मी स्टूल ओढलं. विचारलं, सिगरेट ओढायचा?
चोरून. पण चाळिशीत सुटली असती,
बायकोने सोडायला लावली असती.
म्हणजे चटका एकच, वर, खुंट्यांपाशी, विझून गेलेला.
आणि अंगठी?
तो बराच वेळ काही बोलला नाही.
हो, म्हणाला. अंगठी घालू या त्याला.
मग मानेच्या मागे डाव्या हाताची घासट आली.
उभा राहून वाजवायचा की बसून?
आधी उभा. पुढे पाठ गेली असती.
आमच्यात सगळ्यांचीच जाते.
म्हणजे बकलचे ओरखडे पन्नाशीपर्यंत,
त्यानंतर नुसतं कोपराखालचं झिजणं.
लोकांसमोर वाजवायचा?
शनिवारी, म्हणाला. कुणाच्या लग्नात वगैरे.
फार मोठा झाला नसता हो तो.
आणि हे सांगताना पहिल्यांदा हसला.

झीज मध्यम, मी लिहिलं.

तो गेल्यावर दिवा खाली ओढून नीट पाहिलं.
सगळी गिटार आरशासारखी,
पण पहिल्या फ्रेटवर, बारीक तारांखाली,
दोन खळगे. नखाएवढेसुद्धा नाहीत.
एफ कॉर्ड.
सगळ्यांना तीच छळते.
एकोणीस वर्षांचं पोर आठ महिने तिथेच अडलं होतं,
दाबत होतं, तार कुचकत होती,
पुन्हा दाबत होतं.

त्यावर मी निळी टेप लावली,
कडा अंगठ्याने घट्ट बसवल्या,
किल्ल्यांचा जुडगा उचलला,
आणि टेपपासून दोन बोटं जागा सोडून
सदुसष्ट साल सुरू केलं.