अधिशोषण

माटुंग्याच्या खानावळींतून करवंट्या येतात,
चटणीचं खोबरं अजून कडांना चिकटलेलं.
त्या जळतात कुठेतरी वसईपलीकडे, वाफेत भाजतात
आणि काळी बारीक खडी होऊन उतरतात
कुर्ल्याच्या आमच्या शेडमध्ये, गोणीतून.

ओंजळभर घे, साहेब म्हणाले होते पहिल्या दिवशी,
ही आतून उलगडली तर ओव्हल मैदान झाकेल.
मी घेतली.
नखं काळी झाली फक्त.

पुस्तकात दोन शब्द होते.
शोषण : आत ओढून घेणं, आपल्यात जिरवणं.
अधिशोषण : नुसतं अंगावर धरून ठेवणं.
परीक्षेत मी उलटसुलट लिहिले. अर्धा मार्क मिळाला.

डाइंगचं पाणी वरून जांभळं शिरतं,
खालच्या नळाला नितळ.
दमयंती पागधरे बाटल्या भरते, तारीख घालते.
आधी ती हौदावर होती, कापड बुडवायला;
तळवे तेव्हापासून निळे.
हे नाही जात, म्हणते, कोळसासुद्धा चोळून झाला.

भरलेला कोळसा रिकाम्यासारखाच दिसतो.
तोच रंग, तीच कुरकुर बोटांत.
एखाद्या सकाळी खालच्या बाटलीत
शाईचा एक धागा उतरतो,
तेव्हा कळतं.
मग भट्टी, आठशे अंश.
दर खेपेला गोणी थोडी हलकी होऊन येते.

आज तीन नंबरच्या नळाखालची बाटली
दमयंतीनं खिडकीपाशी नेली,
उजेडात तिरकी धरली, बराच वेळ.
"अजून आठवडा धरेल," म्हणाली
आणि जेवणाचा डबा उघडला.