एका हाताने

पुन्ता अरेनासमध्ये वाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही.
तो असतोच, भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखा.
फार मातला की चौकात दोर बांधतात,
माणसं दोर धरून रस्ता ओलांडतात.

एदेलमिरा ओयार्सोच्या वर्कशॉपात
खिळ्याला एक तुटका पट्टा लटकलेला आहे.
त्याची गोष्ट ती सांगत नाही. मी बाहेरून ऐकली:
नातालेसच्या रस्त्यावर एका पिकअपच्या टपावरून
शिडी उडाली.
मागच्या गाडीत मेलं कुणी नाही.
काच गेली फक्त,
आणि चालवणाऱ्या बाईची कित्येक महिन्यांची झोप.
पट्टा इथूनच विकलेला होता.

त्या हिवाळ्यात एदेलमिराने पहिली पकड बनवली.
चार बोल्ट, दोन कुलपं, वर एक पाना लागणार.
"वारा राहू दे, वाऱ्याच्या बापालाही सुटायची नाही,"
ती म्हणाली. आणि खरंच
कुणालाच सुटली नाही.

ओविदियो मान्सियालाही नाही.
मेंढ्या कातरताना त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं
यंत्राने कधीच नेली होती.
जुलैत त्याची गाडी बर्फात रुतली.
फावडं टपावर, नव्याकोऱ्या पकडीत.
किल्ली हातातून निसटली ती बर्फात गेली.
रात्रभर तो आत बसून राहिला, कुत्र्याला पोटाशी धरून,
आणि फावडं त्याच्या डोक्यावर
हातभर अंतरावर.

चार दिवसांनी करवतीने कापलेली पकड
त्याने टेबलावर ठेवली.
"फावडं पडलं नाही," म्हणाला. "अभिनंदन."
चहाही न घेता गेला.

एदेलमिराचा बाप चिलोएचा, होड्यांवरचा.
त्याने तिला दोनच गाठी शिकवल्या होत्या:
निरगाठ, जी दातांनीही सुटत नाही,
आणि सुरगाठ, जी ओढताक्षणी सुटते.
तिसरी कुणी शिकवली नाही.
सगळ्या जगाला नाही म्हणणारी
आणि एका अंगठ्याला हो.

मग ती उजवा हात खिशात शिवून काम करू लागली.
खरंच शिवून, जाड दोऱ्याने.
लोकरीचे हातमोजे पाण्यात बुडवून
फ्रीझरमध्ये ठेवायची, आणि कडक झाले की घालायची.
पुठ्ठ्याच्या पकडी, लाकडाच्या, साबणाच्या;
झाडूच्या दांड्यावर लावून पाहायची, काढून पाहायची, शिव्या द्यायची.
एका सकाळी चुलीत लाकूड सारताना
चुलीच्या दाराच्या मुठीकडे बघत उभी राहिली,
इतका वेळ, की किटली उतू गेली.

ओढलं की आणखी आवळणारी,
आत दाबलं की सैल होणारी.
नीट बसली नाही तर लाल पट्टी दिसावी.
(ती रंगवायचं काम माझं. ती म्हणाली दोन मिलिमीटर,
मी पाच केली. चष्म्याविना तिला दोन दिसलेच नसते.)
बसली की "टक" असा आवाज यावा.
पण इथल्या वाऱ्यात कान काय कामाचे?
म्हणून तो आवाज तळव्याला ऐकू यायला हवा.
त्या एका "टक"वर सात आठवडे गेले.

ओविदियोला निरोप धाडला. आला, उशिरा.
बंदराजवळ गाडी वाऱ्याला आडवी लावली,
डोळे मिटले, डावा हात वर नेला.
पहिल्यांदा पकड हातातून पडली.
दुसऱ्यांदाही.
मी खाली वाळूकडे बघत राहिले.
तिसऱ्यांदा मला ऐकू काहीच आलं नाही,
फक्त त्याचे खांदे
किंचित खाली आले.

त्याने सोडवली. लावली. पुन्हा सोडवली.
आपल्या तीन बोटांकडे पाहिलं,
जणू ती कुणी परत आणून दिली होती.

"हं," तो म्हणाला.
"आणि आत चिखल गेला तर?"

एदेलमिराने कानामागची पेन्सिल काढली.