पिवळा कुठे चढतो

शहाण्णव खळग्यांची थाळी.
कोवळ्या पानांचा रस घातला तिथे पिवळा चढला,
चुना लागण्याआधीच्या हळदीसारखा.
पात्यांत फिका.
बोंडाच्या सालीत जवळजवळ पाणीच.

रोप एकशे दहा दिवसांचं,
माटुंग्याच्या गच्चीवर, जाळीत वाढवलेलं.
जनुक सगळीकडे आहे, केळुस्कर मॅडम,
मी पट्ट्या तपासल्या: मुळात, देठात, सरकीतसुद्धा.
आहे. पण बोलत नाही.
अळीला नेमकं हेच कळतं.
ती पान सोडते, बोंडात शिरते
आणि आतून दार लावून घेते.

वहीत लिहिते: अभिव्यक्ती, वयानुसार घट.

बाबा कॉटन ग्रीनला रुई पारखायचे.
चिमूट घेऊन दोन अंगठ्यांत ओढायचे,
काळ्या कोटाच्या बाहीवर तंतू निजवायचे,
म्हणायचे, "एकोणतीस. जरा ओली आहे."
मला शिकवलं नाही कधी.
मीही विचारलं नाही; मला सूक्ष्मदर्शक हवा होता.

सव्वासात झालेत. यंत्र अजून तापतंय.
नमुन्यांच्या पिशवीत एक बोंड उमललंय,
कशाला कोण जाणे, चिमूट घेतली,
ओढली, जुळवली, परत ओढली.
कुठे थांबायचं ते अंगठ्यांनीच ठरवलं.
"सत्तावीस," मी म्हटलं,
रिकाम्या खोलीत, चांगलं मोठ्यानं.

मोजपट्टी खणात होती. काढली नाही.

शेवटच्या ओळीतला सातवा खळगा
अजून पाण्यासारखा.
थाळी दिव्यासमोर धरून
मी पाहत राहिले,
बाहीला चिकटलेले तंतू न झटकता.