अवावरू

कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं त्याला वर्षं झाली,
मी न्यायमंदिराच्या मागच्या गल्लीतच राहिलो.
एक टेबल, दोन शब्दकोश,
आणि पाटी : भाषांतर, सोगंदनामे, झेरॉक्स.

शशिकला खानविलकर पॉलिसी घेऊन आल्या
साडीच्या दुकानाच्या पिशवीतून.
बावीस पानं इंग्रजी. ग्राहक कोर्टाला गुजराती हवं.
"आणि मला मराठीत सांगा," म्हणाल्या, "नुसतं तोंडी."

कलम सात, पोटकलम ड :
घर सलग तीस दिवसांहून अधिक काळ
अनऑक्युपाइड राहिल्यास
चोरीची भरपाई मिळणार नाही.

बाई चौतीस दिवस साताऱ्याला होत्या.
लेकीचं बाळंतपण. नातीचं वजन भरेना,
म्हणून वरचे चार दिवस.
तेवढ्यात प्रतापनगरच्या दोन खोल्यांतून गेल्या
पाटल्या, चांदीचं तबक,
आणि खानविलकरांचं बंद पडलेलं घड्याळ,
ज्याची किंमत कंपनीने आधीच शून्य धरली होती.

"पण घर रिकामं नव्हतं हो.
किल्ली दक्षाबेनकडे होती. त्यांचा ध्रुविल
रोज दुपारी दोन ते सहा
माझ्या टेबलावर बारावीची केमिस्ट्री वाचायचा.
त्यांच्याकडे सासरे मोठ्याने टीव्ही लावतात ना.
मीटर बघा. फ्रीज बंद, तरी अकरा युनिट.
अकरा युनिट पंखा काय भुताने फिरवला?"

मी चष्मा पुसला.
'खाली' लिहावं, तर कपाटं भरलेली होती.
'बंद' लिहावं, तर दक्षाबेनची किल्ली आडवी येते.
'वसवाट विनानुं' लिहिलं की बाई हरल्या :
पोरगा वाचत होता, वसत नव्हता,
सातला आपल्या घरी जेवायला जायचा.
आणि 'अवावरू'...
हा शब्द मला फार आवडतो.
अवावरू विहीर, अवावरू जिना.
गुजरातीच आहे, पण त्यात आपला वावर ऐकू येतो,
पुढे अ ठेवून दार लावून घेतलेला.
तो लिहिला की बाई जिंकल्या,
कारण दुपारभर त्या घरात
एका पोराचा आणि बेन्झीनच्या साखळ्यांचा वावर होताच.

एका शब्दावर तीन लाख दहा हजार.
माझा दर पानाला ऐंशी रुपये.

ज्यांच्या हाताखाली शिकलो ते टिपणीस वकील म्हणायचे,
"मोघम असेल ते मोघमच पोचव.
लिहिणाऱ्याने घोळ घातला, तर तो त्याच्या गळ्यात पडतो,
असा कायदा आहे.
तू मध्येच पाणी गाळून दिलंस
तर कुणाची तरी तहान चोरलीस."

मग गढूळ शब्द शोधत बसलो.
स्वच्छ शब्द दहा सापडतात,
नेमका तेवढाच गढूळ, तोलून तेवढाच,
एकही हाताशी येईना.
खिडकीतून न्यायमंदिर दिसत होतं.
आत कबुतरं, दाराशी एक वॉचमन.
त्याचे तीस दिवस कुठून मोजायचे?

"मराठीत सांगा ना," बाई म्हणाल्या.
"घरात तीस दिवस कुणी नसेल तर, असं आहे."
"कुणी म्हणजे?"
"तेच त्यांनी लिहिलेलं नाही."

त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.
"मग तर अवघडच आहे," म्हणाल्या.
"मी असतानासुद्धा त्या घरात
फारसं कुणी नसतं."

मी लिहिलं : जेमां कोई न होय.
कोई. म्हणजे कुणीही, किंवा कुणी एक,
किंवा सासऱ्यांच्या टीव्हीला कंटाळलेलं कुणीतरी.
पान अकरा. फी त्यांनी मोजून दिली,
पावती मागितली नाही.
तळाशी शिक्का मारला : मुळाबरहुकूम.
शाई कमी होती.
'मुळा' नीट उठलं,
पुढचं वाचणाऱ्याने समजून घ्यायचं.