मांजर आडवं जावं म्हणून

आमच्याकडे मांजर आडवं गेलं की
माणूस थांबतो,
सात पावलं मागे जातो.
आणि मी, एकोणसाठीची, दोन्ही गुडघे कुरकुरणारी,
फंडातले पैसे मोडून
इतक्या लांब आलेय
मांजर आडवं जावं म्हणून.

पूर्व मंगोलिया. जानेवारी. उणे एकतीस.
श्वास बाहेर पडतो आणि भुवयांवरच राहतो.
आम्ही पाच जण: एक डच जोडपं,
एक अबोल कोरियन मास्तर,
एक बाई, जिनं आपला देश शेवटपर्यंत सांगितला नाही,
आणि मी.
पुढे दाशझेवेग, मेंढ्यांचा धनी, सत्तरी उलटलेला.
चालतो असा, जणू घरातल्या घरात
काडेपेटी शोधतोय.

पहिल्या दिवशी बर्फात ठसे, जुन्या रुपयाएवढे.
ठशांपुढे खडक. खडकापुढे काही नाही.
दुसऱ्या दिवशी दुर्बिणीत एक करडा गोळा,
अर्धा तास आम्ही डोळ्यांत तेल घालून.
दगड निघाला.
तिसऱ्या दिवशी आणखी चार दगड.

उयांगा, आमची दुभाषी, म्हणाली, आजोबा सांगतायत,
मानुल पळत नाही. पाय आखूड, पळून जाणार कुठे?
भ्यालं की जागच्या जागी बसतं
आणि दगड होतं.
मग ते कोल्ह्याला दिसत नाही, गरुडाला दिसत नाही.
तुम्हाला तर नाहीच.

रात्री नमद्याच्या गोल तंबूत
गोवऱ्यांचा धूर, तेवढा ओळखीचा.
ल्हामजाव पहिला पळीभर चहा
दाराबाहेर आभाळाला देऊन येते,
मग आम्हाला. चहात मीठ.
समोर, देवाच्या पेटीशेजारी, एक टोपी,
राखाडी, केसांच्या टोकांना चांदी.
मी विचारलं.
उयांगानं विचारलं.
म्हातारा चुलीकडे बघत राहिला.

वडिलांची. ते मानुल धरायचे.
एका हिवाळ्यात सत्तावीस.
गोदामावर कातडी घ्यायचे, पीठ द्यायचे,
एकदा रेडिओ दिला.
रेडिओ आहे अजून. लागत नाही.

चौथ्या सकाळी वारा सुटला
आणि माझा डावा कान पांढरा पडला.
दाशझेवेगनं माझी लोकरीची टोपी काढली, खिशात कोंबली,
आणि पोतडीतून काढून ती दुसरी
माझ्या डोक्यावर बसवली, दोन्ही हातांनी,
लहान पोराला बसवतात तशी.
आधी जगाचा आवाज गेला.
मग ऊब आली, मांडीवर येऊन बसते तशी,
फक्त मांडीवर नाही.
डच बाईनं नजर वळवली.
मी टोपी काढली नाही. कान माझा होता.

दुपारी, वाळवलेलं दही दाढेखाली फुटत नव्हतं,
तेव्हा म्हाताऱ्यानं माझी बाही धरली.
बारा पावलांवरच्या दगडानं
डोळे उघडले.
पिवळे. बाहुल्या गोल, माणसासारख्या.
ते माझ्याकडे बघत नव्हतं.
माझ्या कपाळाच्या वीतभर वर बघत होतं.

किती वेळ, कोण जाणे.
मास्तरांचा कॅमेरा गारठून मेला होता,
आणि कोणी हळहळलंही नाही.

मग ते उठलं, पोटाचे केस बर्फावर घासत,
डावीकडून उजवीकडे,
सावकाश, आमच्या वाटेवरून,
आडवं गेलं.

माझे पाय मला न विचारता मागे सरले.
एक. दोन. तीन.
म्हातारा बघतच राहिला. उयांगा म्हणाली,
आजोबा विचारतायत, हे काय?
मी म्हटलं, काही नाही,
आमच्यात पद्धत आहे.

त्यानं मान हलवली.
काठी रोवली, आणि तोही निघाला मागे,
एक पाय ओढत,
खडकाकडे तोंड करून.

मी सातवर थांबले.
तो थांबला नाही.
त्याच्या बुटांखाली बर्फ वाजत होता, मी मोजत होते,
पण टोपीमुळे
नीट ऐकू येत नव्हतं.